बाबासाहेब आमदार होते तेव्हा

घटना समितीतले बाबासाहेब शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचे असतात. चवदार तळ्यावरचे, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले, दीक्षाभूमीवरचे बाबासाहेबही डोळ्यांसमोर असतात. निसटतात ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातले डॉ. आंबेडकर. १९२७ मध्ये गव्हर्नरांनी नेमलेले सभासद म्हणून ते कौन्सिलात गेले आणि १९३७ मध्ये मुंबईतून निवडून येऊन असेंब्लीत बसले. राज्यघटनेचा मसुदा हाती येण्याच्या वीस वर्षं आधीपासून हा माणूस विधेयकं लिहीत होता, ती अडताना पाहत होता आणि पुन्हा मांडत होता.

कायदा कसा होतो हे या काळातून समजतं. न्याय्य, नीट लिहिलेला कायदासुद्धा कुठे आणि कशामुळे अडतो, हे त्याहून स्पष्ट दिसतं. म्हणून हा लेख.

आधी वकिलीबद्दल थोडं. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, पैशांसाठी नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. बॅरिस्टर म्हटला की खोऱ्याने पैसा, अशी तेव्हाची समजूत होती, पण इथे तसं घडणार नव्हतं. हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. मध्ये सॉलिसिटर असे आणि कोणत्या बॅरिस्टरला काम द्यायचं हे तो ठरवी. अस्पृश्य समाजातल्या बॅरिस्टरकडे कागद पाठवायला हे सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे अपिलं आणि जिल्ह्यांच्या कोर्टांतली कामं घ्यायची, गरीब पक्षकारांकडून मिळेल ती फी घ्यायची आणि जोडीला व्यापारी कायदा शिकवायचा, असं चाललं होतं. १९२६ मध्ये मात्र त्यांचं नाव गाजलं. ब्राह्मणेतर चळवळीतले जेधे आणि जवळकर यांच्यावर एका पुस्तकावरून बदनामीचा खटला झाला होता. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पुण्यात अपील चाललं, बाबासाहेबांनी ते लढवलं आणि आरोपी सुटले.

पुढच्याच वर्षी ते कौन्सिलात गेले. या कौन्सिलची रचना समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला होता. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती. ती भारतीय मंत्र्यांकडे असत आणि मंत्री कौन्सिलला जबाबदार असत. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही ‘राखीव’ खाती. ती गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाच्या हातात असत आणि तिथे कौन्सिलने कितीही नाराजी दाखवली तरी कुणाची खुर्ची जात नसे. गरिबाच्या आयुष्याला सगळ्यात जास्त भिडणारं खातं महसुलाचं, आणि नेमकं तेच राखीव. शिवाय बाबासाहेब निवडून आलेले नव्हते, नियुक्त होते. पाठीशी पक्ष नाही, सभागृहात हक्काची मतं नाहीत. अस्पृश्य वर्गातर्फे दोनच नियुक्त सभासद होते, ते आणि डॉ. सोळंकी.

अशा सभासदाच्या हाती उरतो तो अभ्यास. फेब्रुवारी १९२७ मध्ये अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी शेतसाऱ्याला हात घातला. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, त्याखालच्याला माफ असतो. शेतसाऱ्याला अशी माफी नाही. एक एकरवाला असो की शंभर एकरवाला, पीक येवो न येवो, सारा द्यायचाच. मग व्यापाऱ्याला जी सवलत आहे ती गरीब शेतकऱ्याला का नाही? अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला माणूस वकिलाच्या शिस्तीने बोलला की असा प्रश्न तयार होतो. समोरच्याला त्यावर रागावता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. त्याच अधिवेशनात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे समोर ठेवले: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि त्याच माणसाकडून दारूच्या करापोटी २ रुपयांहून जास्त वसूल करतं. लोकांकडून जे घेता ते निदान त्यांच्या शिक्षणासाठी परत द्या, ही मागणी.

आता महाड. चवदार तळ्याची गोष्ट आपण सत्याग्रह म्हणून ऐकतो आणि तो होताच. पण तिच्यात सभागृह, नगरपालिका आणि कोर्ट अशा तीन यंत्रणा एकमेकींत गुंतल्या आहेत. तो गुंता सोडवून बघण्यासारखा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलात नव्हते. ठराव मोठा होता, पण तो ठराव होता. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला कळवलेली इच्छा. तो मोडला तर दंड नाही, शिक्षा नाही, कुणी त्याच्या आधारे दावा लावावा अशी सोय नाही. सरकारने परिपत्रकं काढली आणि गावोगाव पूर्वीचंच चालू राहिलं. १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका ऐकणार नाही तिचं अनुदान रोखा. पैशाची नाडी आवळल्याशिवाय इच्छेला धार येत नाही, हे त्यांना तीन वर्षांत पुरतं कळलं होतं.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण पाण्याला हात लावायची कुणाची शामत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि कागदावरच्या ठरावाची परीक्षा झाली. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव जसा करता येतो तसा मागेही घेता येतो.

डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा सत्याग्रहाला निघाले, तेव्हा महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की तळं वहिवाटीने आमचं आहे, यांना तिथे येऊ देऊ नका. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हा निकाल नसतो. दाव्याचा फैसला लागेपर्यंत परिस्थिती आहे तशी राहावी, एवढाच त्याचा हेतू असतो. पण हजारो माणसं महाडात जमलेली असताना त्या हुकमाचं वजन किती असेल याची कल्पना करा. हुकूम मोडायचा की पाळायचा, यावर परिषदेत जोरदार चर्चा झाली. शेवटी सत्याग्रह पुढे ढकलला गेला. सरकारशी आणि कोर्टाशी एकाच वेळी भांडण अंगावर न घेता हक्क कोर्टातच शाबीत करायचा, असं बाबासाहेबांनी ठरवलं. माझ्या मते त्यांच्यातल्या वकिलाचा कस सगळ्यात जास्त लागला तो इथे. जमावाला परत पाठवणं हे भाषण करण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

पुढे दहा वर्षं तो दावा चालला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. वादी अपिलात गेले, तिथेही हरले, मग हायकोर्टात आले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा गाभा पुराव्यात होता. वहिवाटीवर हक्क सांगायचा तर ती अनादी काळापासून अखंड चालत आल्याचं दाखवावं लागतं. वाद्यांना ते दाखवता आलं नाही. तळं नगरपालिकेचं होतं. अस्पृश्यता अन्याय्य आहे असं त्या निकालाने म्हटलं नाही, आणि तेव्हाच्या कायद्यात तसं म्हणायला जागाही नव्हती. पाण्याचा हक्क मिळाला तो समोरच्याचा पुरावा तोकडा पडला म्हणून. पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली आणि १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आला. ते शब्द तिथे का आहेत हे महाडच्या दहा वर्षांकडे पाहिलं की उमगतं.

हे सगळं बाहेर चालू असताना सभागृहात बाबासाहेबांनी आपलं पहिलं मोठं विधेयक मांडलं. १९ मार्च १९२८, महार वतनाचं विधेयक.

वतन हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. देशमुखाचं, पाटलाचं वतन म्हणजे मान आणि जमीन. महाराचं वतन म्हणजे पिढीजात राबणूक. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हे गावचे कनिष्ठ सरकारी नोकर ठरत. साहेबाचा निरोप पोचवायचा, सरकारी वसुलीबरोबर तालुक्याला जायचं, हद्दीची राखण करायची, गावात आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची. वेळेचं बंधन नाही, रात्री हाक आली तरी निघायचं. वतनदार स्वतः घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, जी भाऊबंदकीत वाटून वाटून चिंधीएवढी झालेली, आणि रयतेकडून मिळणारं बलुतं. म्हणजे काम सरकारचं आणि पगार गावकऱ्यांच्या मर्जीवर. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. गावाशी बिनसलं, मुलाने बरे कपडे घातले किंवा मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, की बलुतं बंद. सरकारी काम मात्र चालूच.

सामाजिक गुलामीला कायद्याचा आधार कसा असतो, हे बाबासाहेबांनी इथे अचूक पकडलं. त्यांच्या विधेयकाने भाषण केलं नाही, व्यवस्थेचे सांधे बदलले. बलुत्याचं रूपांतर पैशात करायचं आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यायची, म्हणजे गावाच्या हातातली नाडी सुटते. ज्याला वतन नको त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन आपली म्हणून कसावी आणि चाकरीतून मोकळं व्हावं. कामं कोणती करायची हे नियमाने ठरवून द्यायचं. तिन्ही गोष्टी वाचायला रुक्ष आहेत. प्रत्येकीने मात्र एकेक दोर कापला असता.

विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेलं. सिलेक्ट कमिटी म्हणजे सभागृहातल्या निवडक सभासदांची समिती. ती विधेयकाचा शब्दन् शब्द तपासते, बदल सुचवते आणि परत पाठवते. चांगल्या विधेयकाला तिथे आकार येतो. आणि उघडपणे विरोध करायला जड जाईल असं विधेयक असेल तर त्याचा जीवही तिथेच जातो, फारसा गाजावाजा न होता. सरकारला जवळजवळ फुकट राबणारी माणसं सोडायची नव्हती, जमीनदार सभासदांना बलुत्याचा रोकड कर नको होता. विधेयक संमत झालं नाही तर महारांचा सार्वत्रिक संप उभारण्यात मी माझा वेळ घालवीन, असं बाबासाहेबांनी सभागृहातच बजावलं. तरी कमिटीतून जे परत आलं त्यात मूळचा जीव राहिला नव्हता. १९२९ मध्ये त्यांनी विधेयक मागे घेतलं. निम्मं मिळतंय ते घ्यावं, असं वाटणारे तेव्हाही असतील. पण अर्धवट कायदा एकदा झाला की ‘हा प्रश्न सुटला’ असं सरकारला म्हणता येतं आणि पुढे कित्येक वर्षं ते दार उघडत नाही.

त्याच काळात दुसऱ्या एका विधेयकाला मात्र यश आलं. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक १९२८ मध्ये चर्चेला होतं. हा बोजा मालकांवर का, असा आक्षेप आला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, पण तोवर मालकालाही सुटका नाही, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

१९३५ च्या कायद्याने चित्र पालटलं. प्रांतांना स्वायत्तता मिळाली, दुहेरी कारभार गेला, निवडून आलेल्यांचं मंत्रिमंडळ येणार हे ठरलं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू, आपल्या देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज, चांभार समाजातले, आणि एकेकाळी बाबासाहेबांनीच ज्यांचं कौतुक केलं होतं असे. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. पक्षाचे डझनाहून जास्त उमेदवार निवडून आले. १७५ जणांच्या असेंब्लीत काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळासमोर हा छोटा पण कडवा गट बसला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोत हा रत्नागिरी आणि आजूबाजूच्या कोकणपट्टीत सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून आपल्या हिशेबाने वसूल करायचं. भाताचा निम्मा वाटा खोताच्या घरी जाई. वर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट काम. विधेयक म्हणत होतं, मधला माणूस काढा, कसणाऱ्याचं नातं थेट सरकारशी जोडा आणि खोताला योग्य भरपाई द्या. भरपाईचं कलम बाबासाहेबांनी मुद्दाम घातलं होतं. ते नसतं तर ‘मालमत्ता हिसकावली’ या एका मुद्द्यावर सगळं विधेयक पाडता आलं असतं.

अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून शेतीच बंद ठेवली होती. उपासमार झाली तरी जमीन नांगरली नाही. त्या संपाची ताकद आणि बाबासाहेबांचं विधेयक एकत्र आलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी आझाद मैदानावरून कौन्सिल हॉलवर चालून गेले. जुनं सेलर्स होम असलेली ती इमारत, आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. महार आणि आगरी, कुणबी शेतकरी एका मोर्चात होते, हे त्या काळात लहान नव्हतं.

तरीही विधेयक पुढे सरकलं नाही. याचं कारण सभागृहाच्या गणितात आहे. सरकार स्वतः मांडतं त्या विधेयकामागे बहुमत आधीच उभं असतं. एखादा सभासद स्वतः मांडतो ते अशासकीय विधेयक. त्याला वेळ कमी मिळतो, आणि सरकारच्या मनात नसेल तर चर्चेचा क्रमच येत नाही. आजही हेच आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी अशासकीय विधेयक शेवटचं संमत केलं ते १९७० मध्ये. कोर्टात न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून मत बनवतो, निदान तशी अपेक्षा असते. सभागृहात बहुतेकांचं मत आत येण्याआधी ठरलेलं असतं. कसलेल्या वकिलाला हे फार जाचत असणार, कारण त्याची सगळी कमाई ऐकणाऱ्याचं मन वळवण्यातली.

सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं. संपाआधी तडजोडीची प्रक्रिया सक्तीची, आणि त्या काळात संप केला तर तो गुन्हा. बाबासाहेबांचा युक्तिवाद पायापासून सुरू झाला. काम सोडणं हा फार तर करार मोडणं आहे. करार मोडला तर भरपाई मागता येते, तुरुंगात घालता येत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. विधेयक मंजूर झालं. ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला आणि त्यात गोळीबारही झाला.

१९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि असेंब्लीचं काम थांबलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतन गेलं ते १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करण्याच्या कायद्याने. तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला, बाबासाहेबांच्या निधनानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. या कायद्याने चाकरी संपली आणि जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची सोय झाली. मात्र त्या नव्या, अविभाज्य शर्तीवर दिल्या गेल्या. विकायची किंवा दुसऱ्याच्या नावावर करायची तर त्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. गरीब कुटुंबाच्या हातून जमीन कवडीमोलाने जाऊ नये म्हणून घातलेली ही अट. शहरं वाढली, या जमिनींना भाव आला, तशी परवानगीशिवायची खरेदीखतं झाली आणि त्यावरून दावेही उभे राहिले. तुमच्या ओळखीत कुणाच्या सातबाऱ्यावर ‘महार वतन’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे अशा शर्तीवर धारण केलेली जमीन) अशी नोंद असेल, तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ती शर्त काय आहे हे तहसील कार्यालयातून लेखी मागून घ्या.